जाताना सरळ, येताना वाकडी

आबांची गाडी बिघडली आहे की आबा, हा प्रश्न आमच्या घरात त्या वर्षी होळीपासून आखाजीपर्यंत चालला.

आबा म्हणजे माझे सासरे. जळगावच्या एका जिनिंगचे मॅनेजर म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा मालकाच्या मुलाने हौसेने आणलेली आणि नंतर कापसाच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली एक इंग्रजी गाडी त्यांनी मागून घेतली. दोनच सीटा, कापडी छप्पर, लांबलचक नाक, आणि उंची इतकी कमी की शेजारच्यांची म्हैस आडवी आली तर गाडी दिसेनाशी व्हायची. पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत ती उभी राहिली की मुलं भोवती जमत आणि मोठी माणसं कारण नसताना तिच्या बॉनेटवर हात टेकवून उभी राहत. ही पळण्यासाठी केलेली गाडी आहे, असं आबा सांगत. पळायला रस्ता एकच होता, एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला. धुळ्यात आबांची थोरली बहीण होती. तिला सगळेच अक्का म्हणत.

दर पंधरवड्याला आबा अक्काकडे जात. सावद्याकडच्या एका जुन्या ओळखीच्या मळ्यातून केळीचे घड घरी येत, ते डिकीत भरायचे, उरलेले सीटमागच्या फटीत कोंबायचे आणि पहाटेच निघायचं. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यांचा नियम होता. अक्काला घड, अक्काच्या शेजारणीला घड, वाटेत पारोळ्याला चहा देणाऱ्यालाही फणी. दुपारी जेवून परत.

होळीनंतरच्या एका फेरीत परतताना, एरंडोल यायच्या आधीच्या वळणावर मागची चाकं घसरून गाडीची शेपटी सुटली. गाडी स्वतःभोवती फिरली आणि उपटून ढीग घातलेल्या कापसाच्या पऱ्हाटीत जाऊन बसली, तोंड पुन्हा धुळ्याकडे करून. आबांना खरचटलंही नाही. पण रस्त्याने आमच्या ओळखीचा एक ट्रकवाला चालला होता, आणि आबा घरी पोचायच्या आत बातमी पोचली.

"वय झालं की हात मंद होतात, आबा. त्यात लाजण्यासारखं काही नाही," माझा नवरा म्हणाला.

"तुझे कधी जलद होते?" आबा म्हणाले.

"मी पऱ्हाटीत गेलेलो नाही."

"तू गेलासच कुठे?"

हे असं चार-पाच दिवस चाललं. मग नवऱ्याने निकाल दिला. तो सरकारी नोकरीत, निकाल देण्याची त्याला सवय. आखाजीला अक्काला या गाडीतून आणायचं नाही. तो ओळखीच्या कंत्राटदाराची जीप मागेल, स्वतः जाईल आणि अक्काला घेऊन येईल. आखाजी झाली की गाडी विकायची. नाशिकचा एक हौशी माणूस जुन्या गाड्या घेतो, त्याला निरोपही गेला होता.

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात, आणि मुलगी पंचाहत्तरीची झाली तरी तिला न्यायला भावानेच जायचं असतं. आबांनी अक्काला आधी बैलगाडीतून आणलं होतं, मग एस.टी.तून, आणि गाडी आल्यापासून गाडीतून. आता मुलगा मागून आणलेल्या जीपमधून तिला आणणार, म्हणजे आबा म्हातारे झाले हे पिंप्राळ्यापासून धुळ्यापर्यंत जाहीर होणार.  आबांनी बाहेर जाऊन गाडीवर ताडपत्री घातली आणि तिच्या चारही कोपऱ्यांना विटा ठेवल्या.

मला आबांची दया आली असं म्हणता येणार नाही. ते दया येण्यासारखे गृहस्थ नव्हते. मला फक्त जाणून घ्यायचं होतं, दोष कोणात आहे ते. मी घरीच शिवणाचा क्लास चालवत होते. पायाच्या मशीनवर टाके सुटायला लागले की मुली म्हणत, मशीन बिघडलं. मी म्हणायचे, आधी बघू, मशीन की हात. दोन्ही शक्यता असतात, आणि कोणती खरी ते बघितल्याशिवाय कळत नाही. नवऱ्याने न बघताच ठरवलं होतं. ते मला पटण्यासारखं नव्हतं.

"याआधी कधी शेपटी सुटली होती?" मी आबांना विचारलं.

"तू कशाला विचारतेस? तुला काय गाडीतलं कळतं?"

"नाही कळत. म्हणून विचारते."

मग ते सांगायला लागले. दिवाळीनंतर एकदा पारोळा सोडल्यावर मागून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं होतं. संक्रांतीच्या सुमारास गिरणेच्या पुलाआधीच्या वळणावर चाक उचललं गेल्यासारखं वाटलं होतं. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी एकच विचारलं: जाताना की येताना?

येताना. प्रत्येक वेळी येताना.

रात्री हे मी नवऱ्याला सांगितलं, तर तो खूश झाला. "बघ, मी काय म्हणतो? अक्का मांडे घालते, वर आमरस. एवढं जेवून भर दुपारी गाडी चालवायची. डुलकी लागते त्यांना."

"संक्रांतीला आमरस कुठला?"

"मग मांडे नुसते. मुद्दा झोपेचा आहे."

मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. खापरावरचे दोन मांडे खाल्ले की मीसुद्धा भिंतीला टेकून बसते. शिवाय त्याच्याजवळ दुसराही पुरावा होता. पऱ्हाटीच्या प्रसंगानंतर गाडी दाखवायला धुळ्याच्या मिस्त्रीकडे नेली, तेव्हा चालवत नवरा स्वतः होता. आग्रा रोडवरचा हा मिस्त्री ट्रक आणि जिपा करायचा, पण तरुणपणी त्याने इंग्रजी गाड्यांवर काम केलेलं होतं, म्हणून आबांचा त्याच्यावर भरवसा. नवऱ्याने जाताना सगळी वळणं मुद्दाम घेतली. गाडी रुळावरून चालल्यासारखी गेली. मिस्त्रीने मागची चाकं हलवून पाहिली, खाली शिरून पाहिलं, आणि डाव्या बाजूच्या एका दांडीचं रबरी बुश थोडं सैल आहे, बाकी ठीक, असं सांगितलं. नवरा तिथूनच आपल्या दौऱ्यावर गेला. आबा गाडी घेऊन एकटेच परतले, बैलगाडीच्या वेगाने, आणि घरी आल्यावर म्हणाले, "मागून हलतेच आहे."

"माझ्याकडून हलली नाही," नवरा म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं.

चैत्राच्या उन्हात मी एका सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी गाडीपाशी गेले. ताडपत्री काढली. सुरुवात कुठून करायची हे माहीत नव्हतं, म्हणून जे हाताला कळतं तिथून केली. कापडाची लव कोणत्या दिशेला आहे हे मी डोळे मिटून सांगू शकते. मागच्या टायरवरून तळवा फिरवला. टायरची मधली नक्षी चांगली होती. दोन्ही कडा मात्र झिजलेल्या, आतलीही आणि बाहेरचीही, आणि झिजलेल्या जागी रबराला बारीक कंगोरे आलेले.

"टायरवाल्यालाही तेच दिसलं," आबा मागे येऊन उभे राहिले होते. "म्हणाला, हवा कमी असली की कडा झिजतात. मी हवा वाढवली."

"मग?"

"मग पऱ्हाटीत गेलो."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मला हसू आलं, आणि त्यांनाही.

घराला एक खोली वाढवायचं काम तेव्हा चालू होतं. गवंडी लग्नाला गावी गेला होता आणि त्याचा ओळंबा खिळ्याला टांगलेला होता. मी तो घेतला. भिंत उभी आहे की नाही ते कळतं, तर चाकही उभं आहे की नाही ते कळायला हरकत नाही. टायरवर वरच्या बाजूला ओळंब्याची लाकडी चकती धरली आणि दोरी खाली सोडली. डावं मागचं चाक जवळजवळ सरळ, वरून किंचित आत झुकलेलं. उजवंही तसंच. मापाच्या टेपने दोरी आणि लोखंडी रिम यांच्यातलं अंतर वर आणि खाली मोजलं, आणि मिस्त्री बरोबर सांगतो आहे असं ठरवून क्लास घ्यायला आत गेले.

त्या दिवशी आबा पहाटेच धुळ्याला निघणार होते, पण अक्काकडे पाहुणे येणार असल्याचा निरोप आला आणि जाणं रद्द झालं. आदल्या संध्याकाळी डिकीत भरलेले घड उन्हात पिकून काळे पडतील, म्हणून दुपारी आबांनी ते काढले आणि कॉलनीत वाटून टाकले. क्लास सुटल्यावर ओळंबा जागेवर ठेवायला मी बाहेर आले, तर गाडी मला वेगळी दिसली. काय वेगळं ते कळेना. एखाद्या बाईने पदर बदलला की दिसते तशी वेगळी. गाडीचा मागचा भाग उंच झाला होता.

मी पुन्हा ओळंबा धरला. आता दोन्ही चाकं खालून आत आलेली आणि वरून बाहेर फाकलेली. सकाळचं माप आणि हे माप यात माझ्या अंगठ्याइतका फरक होता.

माझा पहिला अंदाज, मीच सकाळी चुकले. म्हणून जॅक लावून चाक वर उचललं, हलवून पाहिलं, खाली सोडलं आणि परत मोजलं. तर चाक आणखीनच तिरकं. आता मात्र मी चक्रावले. एकाच चाकाची तीन मापं. आबांना म्हटलं, जरा ढकलू या. गाडी दोन हात पुढे-मागे ढकलली, तर ते चाक हळूच बाहेर सरकून आधीच्या जागी आलं. म्हणजे जॅकवरून उतरल्यावर चाक अंग आखडून बसतं, आणि जरा चालल्याशिवाय सैल होत नाही. एवढं कळलं. पण सकाळचं आणि दुपारचं वेगळं का?

याचं उत्तर मला चहा करताना मिळालं, आणि मिळालं ते ब्लाउजवरून. नवीन मुली माप घेताना बाईला ताठ उभी करतात, श्वास रोखून धरायला लावतात, आणि मग ब्लाउज घालून बाई घागर उचलायला वाकली की काखेत टरकतो. मी त्यांना सांगत असे, माप कसं घेतलं यापेक्षा ती बाई तेव्हा काय करत होती ते महत्त्वाचं. आमची गाडी सकाळी केळी घेऊन उभी होती. दुपारी रिकामी.

मी गॅस बंद केला आणि क्लासमधला हातआरसा आणि बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले. बाई गाडीखाली वाकली हे समोरच्या घरातून दिसायला वेळ लागला नाही. तिथल्या काकूंनी विचारलं, काय हरवलं का. मी म्हटलं, हो, शोधतेय.

ट्रकला मागच्या दोन चाकांमध्ये सलग लोखंडी आस असतो. गाडी खाली बसो की वर उठो, चाकं उभीच राहतात. या गाडीचा आस दोन चाकांच्या मधल्या लोखंडी डब्यापाशी दोन तुकड्यांचा होता आणि ते तुकडे बिजागरीसारखे वर-खाली हलत. त्यांच्यावर एकच कमानीचा पाटा आडवा ठेवलेला, खांद्यावरच्या कावडीसारखा. वजन आलं की कावडीची टोकं वाकतात तसा तो वाकायचा. मागचा भाग बसला की चाकं वरून आत झुकत, आणि मागचा भाग उठला की ती पोटाखाली येत, कोंबडी उठताना पाय पोटाखाली घेते तशी. हे मला आरशात बघून आणि डिकीत स्वतः बसून-उठून कळलं. मी डिकीत बसल्यावर आबा ओळंबा धरून सांगत, आत, आता बाहेर, आता आत. काकू अजून बघत होत्या.

आणि आरशात आणखी एक दिसलं. पाटा एकावर एक रचलेल्या पानांचा असतो. बाकीची पानं काळी आणि तेलकट होती. एक मात्र तांबूस गंजलेलं होतं आणि इतरांपेक्षा जाड.

"आबा, हे पान नवीन आहे का?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "दिवाळीच्या आधी चढवलं. घड भरले की मागून पोट घासत होतं. केळीच्या ट्रकांचे पाटे करतात त्या कारखान्यातून करून घेतलं."

"मिस्त्रीला सांगितलं होतं?"

"त्यात काय सांगायचं? ट्रकवाले सगळेच चढवतात."

सगळं तिथेच उलगडलं. केळी भरली की गाडी बरोबर बसायची, कारण पाटा केळीच्या मापाने केलेला होता. अक्काच्या दारात डिकी रिकामी झाली की तो जाड पाटा गाडीची शेपटी वर उचलायचा, चाकं पोटाखाली यायची, आणि आबा वळणावर सवयीने अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचे तेव्हा गाडी आणखी उठायची आणि चाकं आणखी आत जाऊन त्यांची रस्त्यावरची पकड सुटायची. जाताना टायरची आतली कड झिजायची, येताना बाहेरची. आणि मिस्त्रीकडे? मिस्त्रीकडेही आबा कधी रिकाम्या हाताने गेले नव्हते. गाडी तपासून होईपर्यंत त्याचे घड डिकीतच असत. काम झाल्यावर आबा ते काढून द्यायचे, आधी दिले तर कामाची लाच दिल्यासारखं दिसेल म्हणून.

हे सगळं मी संध्याकाळी नवऱ्यासमोर मांडलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे दोष केळ्यांचा."

"दोष पाट्याचा. आणि थोडा आबांच्या पायाचा."

"बघ, पायाचा."

"तोच पाय जाताना पण होता."

 माणूस अडून बसला की त्याला उत्तर लागत नाही. तो म्हणाला, मिस्त्रीने हे मान्य केलं, गाडी दुरुस्त झाली, आणि धुळ्याहून रिकाम्या गाडीतून आबांच्या शेजारी बसून मी स्वतः आलो, तर बघू. आखाजीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

खरं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मिस्त्रीला गाडी रिकामी दाखवायची होती आणि आबा रिकामे जायला तयार नव्हते.

"एक घड तरी," ते म्हणाले.

"अर्धा पण नाही."

"सूनबाई, माणूस काय म्हणेल? एवढी वर्षं जातो आहे."

"हात भरलेला असू द्या. डिकी रिकामी पाहिजे."

शेवटी एक फणी पिशवीत घालून मी ती मांडीवर घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले. निघण्याआधीच दोन्ही मागच्या चाकांतली जास्तीची हवा काढून टाकली होती. एरंडोल मागे टाकल्यावर पऱ्हाटीचं ते वळण आलं, आता आमच्यासाठी उलट बाजूने. मी म्हटलं, सावकाश घ्या आणि मध्येच पाय काढा, मला बघायचंय. त्यांनी पाय काढला. डोक्यावरच्या माठाखालून चुंबळ सरकावी तसं खालून काहीतरी निसटलं. क्षणभरच. मग गाडी परत बसली.

"कळलं?" आबा म्हणाले.

"कळलं."

पुढचे कितीतरी मैल ते गुणगुणत होते. इतके महिने जे एकट्याला जाणवत होतं ते दुसऱ्या कोणाला तरी जाणवलं, याचं ते समाधान असावं. सावकाश जाऊन दहाच्या सुमाराला आम्ही आग्रा रोडला लागलो.

मिस्त्रीने गाडी बघितली आणि तो तिच्याभोवती फिरला. मग वाकून मागून पाहिलं.

"आबा, हिचं ढुंगण वर का?"

"सूनबाई सांगेल," आबा म्हणाले, आणि रस्त्यापलीकडच्या पानपट्टीकडे बघत उभे राहिले.

मी सांगितलं. मिस्त्रीने मधूनमधून प्रश्न विचारले, चांगले प्रश्न विचारले. मग तो डिकी उघडून आत बसला, उठला, परत बसला, आणि हसायला लागला. "म्हणजे आजवर मी केळी तपासत होतो म्हणा."

"गोड होती ना?" आबा म्हणाले.

"गोड होती म्हणूनच फसलो."

काम दुपारपर्यंत चाललं. जाड पान काढलं, पाटा परत बांधला, डाव्या दांडीचं सैल बुशही बदललं. ते बुश या गाडीचं मिळण्यासारखं नव्हतं, जिपेचं घेऊन कानशीने घासून बसवलं. जॅक काढल्यावर मिस्त्री लगेच मी बरोबर आणलेला ओळंबा धरायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आधी ढकलू या. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "तेच करणार होतो," आणि ढकलली. खरंच तेच करणार होता की नाही, ते त्याचं त्याला माहीत. मग आम्ही दोघांनी मोजलं. चाकं उभी होती. चाकांच्या कडेने पुढून मागे सुतळी ताणून पाहिली, तीही दोन्ही बाजूंना सारखी लागली. आबांना त्याने एकच सांगितलं: पाय वळणाच्या आधी काढायचा, वळणात नाही. आणि डिकीत ओझं नाही.

"अजिबात नाही?"

"भाजीची पिशवी चालेल."

काम चालू असताना आम्ही अक्काकडे जेवायला गेलो होतो. अक्का ओट्यावर बसली होती. आबांच्या हातात काहीच नाही आणि माझ्या हातात रिकामी पिशवी, कारण ती फणी मिस्त्रीला देऊन झाली होती.

"काय रे भाऊ, आज रिकामाच उना?" अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "गाडी आजारी शे का तू?"

"गाडी," आबा म्हणाले. त्या एका शब्दात त्यांचा किती हिशेब चुकता झाला ते मला दिसलं.

जेवताना तिला जीपची गोष्ट कळली. मी सांगितली, कारण आबा सांगणार नव्हते. अक्काने मांडा दुमडून आबांच्या ताटात टाकला. "मना भाऊनी गाडी उनी ते मी येसू," ती म्हणाली. "नही ते मी आठेच बरी शे. त्या जीपमा तूच बस म्हना तुना नवराले."

हा निरोप मी शब्दशः पोचवला.

नवऱ्याने आपली अट मात्र सोडली नाही, आणि ते बरंच केलं. पुढच्या रविवारी तो सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेला, तिथे गाडी घेऊन आधीच पोचलेल्या आबांना भेटला आणि रिकाम्या गाडीतून त्यांच्याबरोबर परत आला, पोटभर मांडे खाऊन. मी फाटकात उभी होते. गाडीतून उतरल्यावर त्याने आधी सदरा झटकला.

"कशी आली?"

"आली."

"वळणावर?"

"आबा फार जोरात चालवतात," तो म्हणाला. ही तक्रार जुनी होती, आणि ती तरुण माणसाबद्दल करायची तक्रार होती. आबा आत जाताना मुद्दाम चावी त्याच्या समोरून फिरवत गेले. नाशिकला काय निरोप गेला ते मी विचारलं नाही. कोणी गाडी बघायला आलं नाही एवढं खरं.

जीप मागितली गेली नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी आबा पहाटे निघाले, डिकी रिकामी. केळी आदल्या संध्याकाळच्या एस.टी.च्या टपावरून पुढे गेली होती, कंडक्टरला फणी देऊन. आबा म्हणाले, "बहिणीकडे केळी पोचणं महत्त्वाचं. कोणत्या गाडीने ते केळ्यांना कुठे कळतं?"

दुपार कलल्यावर कॉलनीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला, आणि त्याच्याबरोबर दुसराही, लोखंड दगडाला घासल्याचा. आम्ही सगळे बाहेर आलो. पुढच्या सीटवर अक्का होती, डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला, चेहरा उन्हाने लाल, आणि नजर अशी की सगळ्या पिंप्राळ्याने तिला बघावं. आबा तिच्याकडे न बघता समोर बघत होते. गाडीचं नाक वर आणि मागचा भाग जवळजवळ जमिनीला टेकलेला.

मी डिकी उघडली. बाजरीचं पोतं. शेंगांचं पोतं. उडदाची पिशवी. आणि गोधडीत गुंडाळलेलं मांड्याचं खापर.

"आबा, भाजीची पिशवी म्हणाला होता मिस्त्री."

"मी सांगितलं तिला."

"त्याले काय कळस?" अक्का खाली उतरता उतरता म्हणाली. "माहेरले काय रिकामं जातस का?"

नवरा माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते याची वाट बघत. मी चाकांकडे बघितलं. दोन्ही चाकं वरून आत झुकलेली, पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. हे वेगळं दुखणं होतं. या दुखण्याने टायर झिजतात, पोट घासतं, पण गाडी पऱ्हाटीत जात नाही. तरी किती झुकली आहेत ते नीट कळायला हवं होतं, आणि पोती उतरवल्यावर ते कळलं नसतं.

"कोणी पोत्यांना हात लावू नका," मी म्हटलं आणि ओळंबा आणायला आत गेले.